ताडपत्री : धावत्या ट्रकचे छप्पर

उघड्या हौद्याच्या ट्रकला कायमचे छप्पर नसते. माल भरून झाला की त्यावर ताडपत्री पसरायची, दोराने आवळायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर सोडायची. दर फेरीला नव्याने बांधावे लागणारे हे छप्पर ऊन-पावसाबरोबरच वाहनाच्या वेगातून निर्माण होणारा वाराही सोसते. ते सुटले तर माल भिजतो; मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर जाऊन आदळले तर जिवावर बेतते. सुटलेला दोर चाकात अडकण्याचा धोका वेगळाच.

बोरगावचा रस्ता आणि तीन प्रकारचे माल

मध्य प्रदेशच्या दक्षिण सीमेवरील मराठीभाषक पट्ट्यात, सौसर तहसिलीत बोरगाव वसले आहे. सौसर आणि पांढुर्णा या तहसिली पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्या त्यात आल्या. महाराष्ट्रातील सावनेरहून सौसरमार्गे छिंदवाड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४७ याच भागातून जातो. बोरगावला औद्योगिक वसाहत असून रेमंडचा कापड कारखाना तिथे आहे. भोवतालच्या शिवारात संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेती आहे.

या रस्त्यावरून जाणाऱ्या मालांच्या गरजा एकसारख्या नाहीत. कारखान्यातील तयार मालाला थेंबभर पाणीही चालत नाही. संत्र्यांना सावली हवी आणि वाराही हवा. ताडपत्रीखाली कोंडलेल्या उष्णतेने फळ लवकर खराब होते, म्हणून समोरची बाजू घट्ट बंद करून मागे हवेला वाट ठेवावी लागते. सुटा कापूस मात्र वाटेत धक्क्यांनी दबत जातो. निघताना ताठ असलेले दोर काही अंतरावरच सैल पडतात, आणि बहुतेक वेळा ताडपत्री सुटण्याची सुरुवात या सैलपणातूनच होते.

वारा छप्पर वर ओढतो

वारा ताडपत्रीला मागे ढकलतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो तिला मुख्यतः वर ओढतो. ट्रकच्या केबिनवरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे छपराच्या वरच्या बाजूचा दाब कमी होतो, तर ताडपत्रीखालची हवा तुलनेने स्थिर राहते. दाबातील हा फरक कापड फुगवतो. त्यात समोरच्या कडेला फट असेल तर हवा आत शिरते आणि ताडपत्रीचे शीड होते.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला तो दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाइतका असतो. ८० च्या वेगाला सुमारे ३० किलो. त्याच वेळी समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर तो ५७ किलोच्या आसपास जातो. संपूर्ण छपरावर एवढी ओढ पडत नाही. मध्यभागी ती बरीच कमी असते. पण पुढच्या कडेपाशी ती एवढीही होऊ शकते. म्हणून पुढची कड ही ताडपत्रीची सर्वांत नाजूक जागा होय.

बांधणीचे नियम

दोन ताडपत्र्या वापरायच्या असल्यास आधी मागची पसरावी आणि पुढचीचे टोक तिच्यावर आणावे. वरचे कौल खालच्या कौलावर येते तसाच हा न्याय आहे. फरक एवढाच की तिथे पाण्याची वाट पाहायची असते, इथे वाऱ्याची. कोपऱ्यांच्या घड्या मागच्या दिशेने दुमडाव्यात. घडीचे तोंड पुढे राहिले तर ती पिशवीसारखी वारा भरून घेते.

दोर केवळ कडांच्या कड्यांतून ओवून भागत नाही. कड्या ओढ सहन न होऊन फाटतात. त्यासाठी हौद्याच्या एका बाजूच्या आकड्यापासून मालावरून दुसऱ्या बाजूच्या आकड्यापर्यंत तिरपे आणि आडवे दोर घ्यावेत. त्यामुळे कापड मधोमध फुगत नाही. दोर ताणताना वरच्या भागात एक फास करून, मोकळे टोक आकड्याखालून आणून त्या फासातून ओढले की हाताच्या जोराची ओढ वाढते. धारदार कडेवरून दोर जात असेल तिथे पोत्याची घडी किंवा जुन्या टायरचा तुकडा ठेवावा.

दोराची जातही पाहावी लागते. सुती दोर भिजल्यावर आखडतो आणि वाळल्यावर सैल पडतो. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, आणि भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते. प्लास्टिकचा स्वस्त दोर उन्हाने ठिसूळ होतो. त्याचे तंतू हाताला भुसभुशीत लागू लागले की तो बदलावा.

माल मधोमध किंचित उंच भरणेही आवश्यक आहे. खळगा राहिला तर पावसाचे पाणी साचते. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो वजन. ते वळणावर एका बाजूला धावते आणि दोर ताणते.

थांबून पाहणे

अमेरिकेच्या वाहतूक नियमांनुसार मालाची बांधणी पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत तपासावी लागते. सुट्या कापसाला एवढा अवधीही जास्त ठरतो. बोरगावहून नागपूरकडे निघालेल्या ट्रकने सावनेरपाशी, तर छिंदवाड्याकडे जाणाऱ्याने सिल्लेवानी घाट लागण्यापूर्वी एकदा उतरून दोरावर हात फिरवावा. मोटर वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार माल वाहनाच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

हाच नियम पर्यटनाच्या वाहनांनाही लागू पडतो. मुक्कामी छत वर उचलून आत उभे राहता येईल अशा कॅम्पर गाड्या परदेशात अनेक दशके वापरात आहेत. या छताच्या बाजू कापडी असतात आणि ते उचलण्यासाठी बसवलेले दट्टे त्याला सतत वर रेटत असतात. प्रवासात ते फक्त कोपऱ्यांवरच्या कड्यांनी खाली धरलेले असते. एक पुढची कडी उघडी राहिली तर उरलेल्यांवर भार येतो. म्हणून निघण्यापूर्वी कापड पूर्ण आत घ्यावे, सगळ्या कड्या हाताने ओढून पाहाव्यात आणि जादा आधार म्हणून छतावरून एक पट्टा आवळावा.

गोव्यात सांगे, केपे आणि डिचोली तालुक्यांतील रहिवाशांना ताडपत्रीचे मोल खनिजवाहू ट्रकांनी शिकवले आहे. तिथे माल भिजण्यापेक्षा धूळ आणि सांडणारी माती हा रस्त्याकडेच्या घरांचा प्रश्न ठरतो. ताडपत्री आहे की नाही, एवढे पाहून तो सुटत नाही. तिची पुढची कड घट्ट आहे का आणि वाटेत कोणी उतरून दोर पुन्हा आवळला का, हेही पाहावे लागते. ट्रक बोरगावहून सुटो वा डिचोलीहून, ही पाहणी पाच मिनिटांत होते.