घरच्या पीसीवर लिनक्स: चोवीस फ्लॉप्यांपासून एका पेन ड्राइव्हपर्यंत

आज लिनक्सच्या इतिहासाबद्दल बोलूया, पण जरा वेगळ्या बाजूने. लिनक्स कोणी लिहिलं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ते घरच्या पीसीवर टाकता येईल असं कोणी केलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मला विचाराल तर अर्धी गोष्ट तिथेच आहे.

तर सुरुवात 1991 ची. हेलसिंकी विद्यापीठातला 21 वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स 25 ऑगस्टला जाहीर करतो की तो 386 वर चालणारी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टम लिहितोय, छंद म्हणून. सप्टेंबरमध्ये 0.01 आवृत्ती आली. पण ती कम्पाइल करायला मशीनवर आधीपासून मिनिक्स असावं लागे. 1992 मध्ये लिनसने जीपीएल लायसन्स स्वीकारलं. म्हणजे कोड आता कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. कागदावर सगळं मोकळं. पण घरी साधा पीसी असलेल्या माणसाने ते घ्यायचं कसं?

ही अडचण सोडवणारे लोक वेगळेच होते. फेब्रुवारी 1992 मध्ये मँचेस्टर कम्प्युटिंग सेंटरच्या ओवेन ले ब्लँक यांनी एमसीसी इंटरिम लिनक्स काढलं. दुसऱ्या कुठल्याही सिस्टमची मदत न घेता टाकता येईल असं हे पहिलं डिस्ट्रिब्युशन मानतात. मग पीटर मॅकडोनाल्डचं एसएलएस आलं. त्यात खिडक्या-माउसवालं एक्स सुद्धा होतं, पण बग भरपूर. त्याच बगांना वैतागून दोघे कामाला लागले. जुलै 1993 मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंगने स्लॅकवेअर आणलं आणि ऑगस्टमध्ये इयान मरडॉकने डेबियनची घोषणा केली. ही दोन्ही नावं आजही चालू आहेत.

स्लॅकवेअर 1.0 चा पूर्ण संच होता 24 फ्लॉप्यांचा. एकेक फ्लॉपी घालायची, घरघर ऐकायची, पुढची घालायची. विसावी फ्लॉपी खराब निघाली की बसा!

पण फ्लॉप्या हा फक्त कंटाळा होता. खरी भीती होती पार्टिशनची. जरा आत जाऊन बघू. त्या काळी घरच्या पीसीच्या अख्ख्या हार्ड डिस्कवर बहुतेक वेळा एकच सी ड्राइव्ह असे. लिनक्सला जागा द्यायची तर तो कापायचा. कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती मोठं आहे, ही नोंद डिस्कच्या पहिल्या 512 बाइट्सच्या सेक्टरमध्ये असे. त्यातही टेबलाला फक्त 64 बाइट्स, चार नोंदींपुरते. तिथला एक आकडा चुकला की डेटा डिस्कवर जागच्या जागी असूनही सिस्टमला दिसेनासा होतो. एफडिस्क वापरायचं तर जुनं पार्टिशन उडवून नवं करायचं, म्हणजे आधी सगळ्याचा बॅकअप. पुढे फिप्स नावाचं छोटं टूल आलं. आधी डीफ्रॅग करून फाइली पुढे सरकवायच्या, मग मागची रिकामी जागा कापायची. तरी हात थरथरायचेच. कारण घरात पीसी एकच. त्यावर वडिलांचे हिशेब, ताईचा प्रोजेक्ट. लिनक्स फुकट होतं, पण ते टाकताना पणाला लागायचा घरच्यांचा डेटा.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती ती इंटरनेटची. 650 एमबीची सीडी 56 केबीपीएसच्या डायल-अपवर उतरवायची तर लाइन एकदाही न तुटता साधारण 26 तास लागणार. आणि फोनचं बिल? म्हणून नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबत येणारी लिनक्सची सीडी ही मोठी गोष्ट होती. एक अंक, मग त्याच सीडीच्या मित्रांमध्ये कॉप्या. आणि तेही कायदेशीर, बरं का!

भीती कमी केली ती क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने, 2000 च्या सुमारास. सीडी घाला, पीसी चालू करा, लिनक्स थेट सीडीवरून चालतं. कॉम्प्रेशनमुळे एका सीडीत सुमारे 2 जीबीचं सॉफ्टवेअर मावायचं. हार्ड डिस्कला हातही लावायचा नाही. साउंड चालतो का, मॉडेम ओळखतो का, सगळं आधी बघून घ्यायचं.

ऑक्टोबर 2004 मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या पैशावर उबुंटू आलं. मागाल तर सीडी पोस्टाने घरपोच, टपालखर्चही नाही. ही योजना 2011 पर्यंत चालली. जून 2006 च्या 6.06 आवृत्तीत लाइव्ह सीडी आणि इन्स्टॉलर एकत्र आले. आधी वापरून बघा, पटलं तर त्याच डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक करून टाका. आजच्या पेन ड्राइव्हची पद्धत हीच. डेबियनचा इन्स्टॉलर तर आता मराठीतही चालतो.

हे सगळं आज का सांगतोय? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. घराघरांत असे पीसी आहेत जे ठणठणीत चालतात, पण विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात द्यायचे की आणखी काही वर्षं वापरायचे, हे ठरवायचा पर्याय आपल्याकडे आहे. तो लायसन्समुळे मिळाला हे खरंच, पण इन्स्टॉलरसारखं रटाळ काम वर्षानुवर्षं करत बसलेल्यांमुळेही मिळाला. कोड खुला असणं एक, आणि तो आपल्या मशीनवर न घाबरता चालवता येणं दुसरं. दोन्ही जमलं तेव्हा ते स्वातंत्र्य घरात आलं.

तेव्हा घरात जुना पीसी असेल तर आधी बॅकअप घ्या, मग लाइव्ह मोडमध्ये चालवून बघा. पार्टिशनला हात सगळ्यात शेवटी. भेटूया पुढच्या भागात!