‘एनव्ही’चं ‘नूव्हो’ झालं

फ्रेंचमध्ये ‘नूव्हो’ म्हणजे नवा. एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं लिनक्सवर चालवणाऱ्या मुक्त ड्रायव्हरला हे नाव कोणी बारसं करून ठेवलेलं नाही. तो सुरू करणारे स्तेफान मार्शेसां चॅटवर ‘एनव्ही’ ही दोन अक्षरं टाइप करायचे आणि त्यांचा फ्रेंच चॅट-प्रोग्राम त्याजागी ‘नूव्हो’ सुचवायचा. तेच नाव चिकटलं.

‘एनव्ही’ हा कंपनीचाच जुना ड्रायव्हर. त्याचा सोर्स कोड उघडा होता, पण वाचून हाती काही लागू नये असा: ओळीमागून ओळी नुसते आकडे. त्यावर खिडक्या आणि मेनू दिसायचे. त्रिमितीय चित्रासाठी कंपनीचा बंद ड्रायव्हरच घ्यावा लागे. मार्शेसांनी २००६च्या सुमारास हा कोड साफ करायला घेतला. कार्डाची तांत्रिक माहिती मात्र कंपनीकडून मिळत नव्हती.

मग बंद ड्रायव्हरवर पाळत ठेवणं आलं. ‘रीनूव्हो’ नावाचा छोटा प्रोग्राम एखादी आकृती काढायला लावी आणि ती काढण्याआधी व काढल्यानंतर कार्डाच्या रजिस्टरांत काय बदललं ते फाइलीत उतरवून घेई. अनेक वापरकर्त्यांनी तो आपापल्या कार्डावर चालवून नोंदी पाठवल्या. पुढे ‘एमएमआयओट्रेस’ आला. त्याची युक्ती मला फार आवडते. कार्डाशी बोलण्यासाठी ड्रायव्हर मेमरीच्या ज्या पानांना हात लावतो, ती पानं जागेवरच नाहीत असं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, भासवतो. ड्रायव्हर तिथे अडतो, कर्नल त्याने काय वाचलं, काय लिहिलं ते टिपतो आणि मग त्याला पुढे सोडतो. अशा लाखो टिपणांतून एकेका रजिस्टराचा अर्थ लावायचा. एवढी चिकाटी पगारावर विकत मिळत नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ या कर्नलमध्ये नूव्हो होता. पण २०१४ च्या दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून कंपनीची सही असलेलं फर्मवेअर सक्तीचं झालं. त्यामुळे नूव्होला कार्डाचा वेग वाढवता येईना. महागडं कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीनेच चालत राही. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. कंपनीने २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलपासून ट्युरिंग व त्यानंतरच्या कार्डांसाठी नूव्होला कंपनीचं नवं फर्मवेअर वापरता येऊ लागलं. तेव्हा कुठे त्या कार्डांपुरती ही गाठ सुटली.

आता ग्राफिक्स कार्ड चित्रांपेक्षा आकडेमोडीसाठी जास्त मागितलं जातं. त्या कामासाठीच्या ओपनसीएल या मानकाचं रस्टिकल हे मुक्त रूप, नूव्होवर वर्षानुवर्षं राबलेल्या कॅरोल हर्बस्ट यांनी रस्ट भाषेत लिहिलं आणि २०२२ मध्ये ते मेसा या ग्राफिक्स संचात दाखल झालं.

एनव्हिडियाने स्वतः साथ सोडलेली कितीतरी कार्डं नूव्होवर अजून पडदा उजळवतात. घरातला तसा जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यावर एकदा लिनक्स चढवून बघा.