साडेतीनशेची बखर

चौतीस वर्षे मी कॉलेजात इतिहास शिकवला. सनदा, दप्तरे, ताम्रपट यांच्याविषयी पोरांना पुष्कळ ऐकवले. कागद बोलत नाही, त्याला बोलते करावे लागते, हे वाक्य तर दरवर्षी जून महिन्यात फळ्यासमोर उभे राहून म्हणत आलो. पण माझ्याच कपाटात एक दप्तर पडून होते, त्याला मी कधी बोलते केले नाही. ते म्हणजे एका मोटारसायकलचे आर. सी. बुक. २०२४ साली नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ते बाहेर काढले, पाने उलटली, आणि लक्षात आले की माझ्या संसाराचीच बखर इथे शिक्क्यांनी लिहून ठेवलेली आहे.

गाडी राजदूत साडेतीनशे. पहिली नोंदणी १९८४ ची. आमच्या बेळगावात तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नसे. ‘साडेतीनशे’ म्हटले की पुरे.

ही गाडी आपल्याकडे आली कशी, हे आधी सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे बाहेरची वाहने आणणे जवळजवळ बंदच झाले. देशात मोटारसायकली मोजक्या: मद्रासची एनफील्ड, म्हैसूरची जावा, जिची पुढे येझदी झाली, आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. त्यांतली राजदूत १७५ मूळ पोलंडमधल्या एका गाडीवर बेतलेली. दूधवाल्याचे कॅन आणि गुऱ्हाळावरच्या ढेपा वाहायला ती उत्तम होती. वेग हा तिचा विषय नव्हता. १९७३ साली ‘बॉबी’ चित्रपटातून तिची एक छोटी बहीण पडद्यावर आली, तेवढीच काय ती तिची चैन. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा त्या काळचा रिवाज होता. लग्नात जावयाला स्कूटर द्यायची तर मुलगी मॅट्रिकला असतानाच नोंदवून ठेवणारे सासरे मी पाहिले आहेत.

अशा काळात १९८३ साली एस्कॉर्ट्सने जपानच्या यामाहाच्या परवान्याने ‘राजदूत ३५०’ बाजारात आणली. ही मूळची यामाहाची आर. डी. ३५०. जपानात ती १९७३ साली निघाली आणि दोनतीन वर्षांत तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली. म्हणजे तिकडे जिचे पर्व संपले होते, तिचे इकडे बारसे झाले! इतिहासात असे होते. एका दरबारातून निघालेला सरदार दुसऱ्या दरबारी येऊन नव्याने नाव काढतो.

तिचे गुण असे. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. त्यामुळे तेवढ्याच घनक्षमतेच्या बुलेटहून हिची ताकद कितीतरी जास्त. पहिल्या ‘हाय टॉर्क’ गाड्या साधारण ३० अश्वशक्तीच्या. पुढे १९८५ च्या सुमारास पेट्रोल वाचावे म्हणून ताकद थोडी उतरवून ‘लो टॉर्क’ काढली. आपल्याकडे आणताना एक काटकसर मात्र केली. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, इथे दोन्ही चाकांना ड्रम दिले. पळायची ताकद जपानची आणि थांबायची आपली! या एका फरकाने किती गुडघे फुटले असतील, देव जाणे.

त्याच १९८३ सालच्या ‘हीरो’ चित्रपटात जॅकी श्रॉफ याच गाडीवर बसला. तो सिनेमा मी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा गाडीसाठी, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझ्याकडे ती आली १९८७ साली. मी सत्तावीस वर्षांचा, नोकरीत नुकताच कायम झालेलो, बिनलग्नाचा. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे ठाणे. कॅम्पात अधिकारी येतात, तीन वर्षे राहतात, बदली झाली की सामान विकून जातात. आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांतली शिसवी टेबले आणि चांगले रेडिओ असेच कॅम्पातून आलेले. एका कॅप्टनसाहेबांची बदली ईशान्येकडे झाली आणि त्यांची साडेतीनशे मी १२,००० रुपयांना घेतली. वडील चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “घोडा घेतलास, आता त्याच्या दाण्याची सोय कर.”

दाणा हाच तिचा अवगुण. लिटरला वीसपंचवीस किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. त्यावर टू स्ट्रोकचे तेल वेगळे. पण तेव्हा हिशोब कोण करतो! रविवारी पहाटे निघायचे. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, मग पाटणे फाटा, कानूर आणि पुढे आंबोलीचे धुके. संथ चालवली तर ती नाराज असल्यासारखी घुटमळायची. मूठ पिळली आणि काटा एका ठिकाणी पोचला की मात्र मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटायची. दोन सायलेन्सरांचा तो आवाज घाटाच्या कातळावर आपटून परत यायचा. त्या आवाजात मी माझ्या वयाची तीन वर्षे अतिशय सुखाने घालवली.

१९८९ साली लग्न झाले. पत्नीचे माहेर धारवाड. घरात मराठी, पण शाळा कन्नड माध्यमाची. गाडी अजून कागदोपत्री कॅप्टनसाहेबांच्याच नावावर, तीही दुसऱ्या राज्यातली. मी ते काम टाळत होतो, कारण कचेरीत भिंतीवरच्या सूचना कन्नडमध्ये आणि माझे कन्नड भाजी आणण्यापुरते. १९९० मध्ये ती स्वतः माझ्याबरोबर आली. तिने सूचना वाचल्या, कारकुनाशी बोलली, अर्ज भरले, आणि गाडी ‘केए-२२’ होऊन माझ्या नावावर चढली. आर. सी. बुकातला तो शिक्का पाहिला की मला वाटते, त्या गाडीचे खरे हस्तांतर तिने केले. मी नुसती सही केली.

आणि त्याच वर्षी आखातात संकट उभे राहिले, पेट्रोल महागले. तोवर बाजारही पालटला होता. १९८४-८५ पासून शंभर सीसीच्या जपानी ढंगाच्या गाड्या आल्या: सुझुकी, होंडा, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी. त्यांतली हिरो होंडा फोर स्ट्रोक, लिटरला ऐंशी किलोमीटरच्या जाहिराती करणारी. गाडी पाहून माणसे “किती पळते?” असे विचारीत, ती आता “ॲव्हरेज काय देते?” असे विचारू लागली. साऱ्या देशाचेच जणू लग्न झाले होते. साडेतीनशे महाग, पेट्रोलखाऊ, आणि तिचे सुटे भाग मिळायला दुर्मिळ. १९९० च्या आसपास तिचे उत्पादनच थांबले. जेमतेम सहासात वर्षांचे राज्य.

१९९१ मध्ये मुलगी झाली. मागच्या सीटवर नऊवारी नेसलेली आई बसेना, पाचवारीतली पत्नी बाळाला घेऊन बसायला भिऊ लागली. मी एक साधी स्कूटर घेतली. साडेतीनशे रविवारची झाली, मग महिन्याची. १९९२ च्या पावसाळ्यात मी एकटाच आंबोलीला निघालो आणि तेलाची टाकी पाहायचे विसरलो. कानूरच्या पुढे इंजिन जॅम झाले, मागचे चाक लॉक झाले, गाडी आडवी गेली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण टेम्पोत गाडी घालून घरी आणली तेव्हा पत्नी दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता या बखरीतला मला सर्वांत अवघड भाग.

१९९६ साली आम्ही घर बांधायला काढले. स्लॅबच्या वेळी पैसे कमी पडले. कोल्हापूरहून एक गिऱ्हाईक आले. गाडीचे १५,००० रुपये द्यायला तयार. त्याने गाडी फिरून पाहिली, किक मारली, कान लावून ऐकले आणि म्हणाला, “इंजिन झकास आहे. तेवढंच घेणार, बाकी भंगारात घालतो.” शर्यतीच्या एका गाडीला त्याला ते बसवायचे होते. मी नाही म्हणालो. पत्नीने विचारले, “अहो, मग स्लॅबचं काय?” मी म्हणालो, “बघतो मी.”

बघितले ते असे, की पुढची दोन वर्षे रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ मी शिकवण्या घेतल्या. स्लॅब पडला, घर उभे राहिले, गाडीही राहिली. मित्रांना मी ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत असे. इंजिनाचे तुकडे होऊ दिले नाहीत, म्हणून. गाडीवर मात्र त्या दोन वर्षांत मी बसलोही नाही, कारण वेळच नव्हता. ती पडवीत गोणपाटाखाली उभी, आणि तिच्यासाठी मी दुसऱ्यांच्या मुलांना शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका समजावून सांगतो आहे, असा प्रकार. या हिशोबातली दुसरी बाजू मला पुष्कळ उशिरा कळली. ती पुढे सांगतो.

१९९६ हे साल टू स्ट्रोकवाल्यांना तसे वाईटच. धुराचे नियम १९९१ पासून आले होते, ते १९९६ मध्ये कडक झाले, २००० मध्ये आणखी. आरएक्स १०० बंद झाली. म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच साली बंद पडला. २००१ मध्ये एस्कॉर्ट्स भागीदारीतून बाहेर पडली आणि भारतातली यामाहा संपूर्ण जपान्यांची झाली. ज्यांनी ही गाडी इथे आणली, त्यांचाच हात सुटला. गाडी अनाथ झाली.

तिला सांभाळले ते उद्यमबागेने. बाहेरच्या वाचकांना बेळगाव म्हणजे कुंदा आणि लोणी एवढेच ठाऊक असते. पण इथल्या फाउंड्र्या आणि लेथ यांनी कितीतरी कारखाने चालवले आहेत. आमचे मिस्त्री तिथल्याच एका बोळात बसत. कन्नड माणूस, मराठी माझ्या कन्नडइतकेच. तरी तीस वर्षांत आमचे कधी अडले नाही. बुश झिजला तर शेजारच्या लेथवर नवा कातून घ्यायचे, सिलिंडर बोअर करून मापाचे पिस्टन बसवायचे. पॉइंट जुळवताना डोळे मिटून ऐकायचे. दर वेळी काम संपले की हात पुशीत म्हणायचे, “इन्न हत्त वर्ष ओडतैति, सर.” अजून दहा वर्षे पळेल. असे तीन वेळा म्हणाले. तिसरी दहा वर्षे पुरी व्हायच्या आत ते स्वतः गेले. त्या माणसाच्या कानात जे होते, ते कुठल्या दप्तरात उतरले नाही, ही माझ्यासारख्या इतिहासवाल्याला लागून राहिलेली गोष्ट आहे. मी रोज दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांची पत्रे वाचत होतो आणि समोर बसलेल्या माणसाचे चार शब्द टिपून घेतले नाहीत.

दरम्यान वारे पुन्हा फिरले. जिला भंगारात काढायला निघाले होते, तिच्यासाठी पुण्या-बंगळूरहून लोक येऊ लागले. २०१८ मध्ये जावा नव्या रूपात परत आली, २०२२ मध्ये येझदी. ज्या गाड्या आम्ही गरजेपोटी वापरल्या, त्या आता आठवणीपोटी विकल्या जातात. मला १९९६ च्या कितीतरी पट किंमत सांगून जाणारे येतात. मित्र म्हणतात, बघ, ठेवलीस ते बरे केलेस. मला तसे म्हणवत नाही.

कारण ती दुसरी बाजू. मुलगी आता पुण्यात नोकरी करते, तेहेतीस वर्षांची आहे. नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी ती घरी होती. मी हौसेने कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाची गोष्ट पुन्हा सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “बाबा, मला त्या वर्षांतलं एकच आठवतं. आई मला झोपवताना सांगायची, बाबा येतील, तू झोप. मी पहिलीत होते.” तिने रागाने म्हटले नाही. मी तिला विचारले, “मग विकू का आता?” ती हसली. “आता विकून ती वर्षं परत येणार आहेत का? पण तुमच्यामागे ती माझ्या नावावर करू नका. इथली ना हरकत, तिथला कर, एवढं सगळं करून मी तिला पुण्यात कुठे उभी करू? तुम्ही आहात तोवर तुम्हीच चालवा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता कचेरीत गेलो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावे लागते. शुल्क पूर्वी ३०० होते, २०२२ पासून ते १,००० झाले होते. सूचना पत्नीनेच वाचल्या, आता चष्मा लावून. तपासनीसाने किक मारायला सांगितले. माझा गुडघा हल्ली साथ देत नाही. पहिल्या दोन किका वाया गेल्या, तिसऱ्याला ती लागली, आणि सगळी कचेरी निळसर धुराने भरली. पत्नी पदराने नाक झाकून बाजूला झाली. तिथला एक तरुण कारकून मात्र जागेवरून उठून बाहेर आला आणि नुसता ऐकत उभा राहिला.

२०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षे पुरी झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आमची गाडी त्या मानाला २०३४ साली पोचेल. तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांचा असेन. मधे एक नूतनीकरण आहे, २०२९ चे. तेवढे मात्र करीन म्हणतो. त्यापुढचे पान कोरे सोडून ठेवले आहे.

परतताना पत्नीला विचारले, “बसतेस का मागे? घरापर्यंत?” ती म्हणाली, “तुम्ही चला पुढे. मी रिक्षाने येते.” मग दोन पावले जाऊन मागे वळून म्हणाली, “तेल बघितलंत ना?”

बघितले होते. तरी तिच्यासमोर पुन्हा एकदा झाकण काढून बघितले.