भोकरदन ते पॉम्पेई: समुद्र नसलेल्या जिल्ह्याची समुद्रकथा

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा, कारण आज लांबचा प्रवास आहे. जालना जिल्ह्यातून निघायचं आणि थेट इटलीला पोचायचं.

आधी एक किस्सा. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मागे एकदा कँटीनमध्ये जेवताना मी सांगितलं, की आमच्या जालन्याजवळ ड्राय पोर्टचा प्रकल्प आहे, म्हणजे कोरडं बंदर. टेबलावरचे सगळे हसले. कोकणातला एक मित्र म्हणाला, "अरे, तुमच्याकडे समुद्र सोड, प्यायला पाणी आहे का?" मीही हसलो. पण खरं सांगू? लागलं ते.

लागलं, कारण मला 2013 चा उन्हाळा आठवला. त्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. आमच्या गल्लीत टँकर आला की सगळे हंडे घेऊन पळायचे. त्याच मे महिन्यात आम्ही आजीला मुंबईला मावशीकडे नेलं आणि एका संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर गेलो. आजीनं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. म्हणाली, "एवढं पानी, अन् पेता येईना? मंग काय कामाचं रे हे?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आजचा एपिसोड म्हणजे ते उशिराचं उत्तर आहे, असं समजा.

आता चला भोकरदनला. केळणा नदीकाठचं तालुक्याचं गाव. तिथल्या बसस्टँडवर मी शेकडो वेळा उतरलोय, चहा प्यालोय, पुढची गाडी पकडलीय. या गावाचं जुनं नाव भोगवर्धन आहे, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातली माणसं मध्य भारतात जाऊन दान देण्याइतकी फिरती होती आणि खिशानं बरी होती.

1973 साली इथं उत्खनन झालं. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी ते मिळून केलं, आणि शां. भा. देव व रमेश गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. मातीतून सातवाहन काळाच्या बऱ्याच वस्तू निघाल्या, त्यात हस्तिदंताचं कोरीव कामही होतं. ते पाहून अभ्यासकांना एकदम दुसरीच एक मूर्ती आठवली. ती होती इटलीत.

1938 साली पॉम्पेईमध्ये अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. उंची साधारण 25 सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या शाळेच्या पट्टीपेक्षाही थोडी कमी. अंगभर दागिने आणि दोन्ही बाजूंना छोट्या दासी. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असावी असा अंदाज आहे. लोक तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

पॉम्पेई शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधी तिथं पोचलेली होती, हे नक्की. पण ती घडली कुठे? आधी मथुरेचं नाव घेतलं जायचं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी भोकरदनच्या बाजूनं मत दिलं, कारण तिच्याशी मिळतंजुळतं काम तिथं सापडलं होतं. वाद पूर्ण मिटलेला नाही. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतली खूण आहे, आणि ती लिपी वायव्य भारतातली. त्यामुळे मी छाती ठोकून 'ती आमचीच' असं म्हणणार नाही. पण तिच्या बहिणी भोकरदनच्या मातीत होत्या, एवढं मात्र म्हणता येतं.

मग समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातला माल रोमपर्यंत कसा जात असेल? याचं उत्तर एका भारी पुस्तकात आहे: 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक माणसानं लिहिलेलं. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ते त्या काळचं डॉक्युमेंटेशन आहे: कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय मिळतं, कुठे सांभाळून राहायचं. त्यात लिहिलंय, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांमध्ये भरून भडोचला जायचं, वाट नसलेल्या मुलखातून.

गाड्या म्हणजे बैलगाड्याच! समुद्रव्यापाराची सुरुवात बैलाच्या गळ्यातल्या घंटेनं व्हायची. भडोचला नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी अवघड, की राजाच्या नोकरीतले स्थानिक नावाडी पुढे येऊन परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणायचे. पुढे अरबी समुद्र, मग तांबडा समुद्र, मग उंटांवरून वाळवंट, नाईल नदीतून अलेक्झांड्रिया आणि शेवटी इटली.

ही जहाजं चालायची वाऱ्यावर. साधारण जुलैमध्ये इजिप्तहून निघायचं, नैऋत्येच्या वाऱ्यावर भारतात पोचायचं आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत फिरायचं. आता जरा थांबा. जून-जुलैमधला नैऋत्येचा वारा म्हणजे काय? आपला मान्सून! ज्या वाऱ्याची वाट आमचे शेतकरी आभाळाकडे बघत पाहतात, त्याच वाऱ्याची वाट रोमन व्यापारी बघायचे.

प्लिनी नावाचा रोमन लेखक कुरकुरला होता, की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. हाच प्लिनी नौदलाचा अधिकारी होता आणि व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला. ज्या व्यापाराबद्दल तो चिडला होता, त्यातली एक बाहुली त्याच राखेखाली जवळजवळ 1859 वर्षं पडून राहिली.

आपल्या लोकांना समुद्राचं अप्रूप नव्हतं, असं अजिबात नाही. नाशिकच्या लेण्यांतल्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन आहे: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. पैठणचा राजा, आणि मिरवतोय समुद्र! नंतरच्या यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर तर चक्क शिडांचं जहाज आहे. पुढे ज्ञानेश्वरांनी नेवाशाला, समुद्रापासून लांब बसून, ज्ञानेश्वरीत समुद्राचे दाखले पानोपानी दिले. समर्थ रामदास जन्मले ते 1608 साली आमच्याच जिल्ह्यातल्या जांबेत. संतांच्या भाषेतला भवसागर हा पोहायला जायचा समुद्र नाही, तो पार करायचा समुद्र आहे. मला वाटतं, तो न पाहिलेल्या माणसालाच जास्त मोठा दिसत असणार.

त्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरानंही बहुतेक समुद्र पाहिला नसेल. केळणेच्या काठी बसून त्यानं बाहुली घडवली असेल, गाडीवाल्याला दिली असेल आणि पैसे मोजून घेतले असतील. ती कुठे जाणार, त्याला काय माहीत? त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही. आम्हीही पुण्यात बसून कोड लिहितो आणि तो कुठल्या देशात चालतो ते कधी बघत नाही. म्हणून मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

आजी आता नाही. असती तर तिला सांगितलं असतं: आजी, ते खारं पाणी पिता येत नाही, खरंय. पण त्याचीच वाफ होते, त्याचे ढग होतात, सह्याद्री ओलांडताना बरेचसे रिकामे होतात आणि उरलेसुरले आपल्या शेतावर येतात. कधी येतात, कधी नाही. आणि त्याच वाऱ्यावर आपल्या मातीतली एखादी बाहुली परदेशी गेली असेल.

आणि त्या कँटीनमधल्या मित्राला पुढच्या वेळी मी भोकरदनला नेणार आहे. बसस्टँडवर चहा पाजणार आणि मग केळणेच्या काठी उभं करून ही सगळी गोष्ट सांगणार.

तुमच्या गावाचं जुनं नाव काय? आज घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!