ट्रॉपिको

ट्रॉपिको : कॅरिबियन समुद्रातील एका कल्पित बेटाच्या राज्यकारभाराची सूत्रे खेळाडूच्या हाती सोपवणारी डावपेचप्रधान संगणकीय खेळांची मालिका. तिचा पहिला खेळ अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील पॉपटॉप सॉफ्टवेअर या लहानशा संस्थेने फिल स्टाइनमायर यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध केला आणि गॅदरिंग ऑफ डेव्हलपर्स या प्रकाशनसंस्थेने तो एप्रिल २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर २०१९ पर्यंत मुख्य मालिकेचे आणखी पाच भाग निघाले. खेळाडू हा या बेटाचा सर्वाधिकारी अध्यक्ष असून त्याला सारे ‘एल प्रेसिदेन्ते’ म्हणून संबोधतात. मुलखाची जमीन, खजिना, फौज, कायदा आणि वेतन ही सर्व त्याच्या मर्जीवर चालतात, आणि तरीही त्याचे आसन स्थिर राहील की नाही हे मात्र त्याच्या मर्जीवर नसते, या एका विरोधातच खेळाचे सारे मर्म साठवलेले आहे.

राज्य चालवण्याची विद्या संगणकाच्या साहाय्याने शिकवावी, ही कल्पना या खेळाहून बरीच जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील शिक्षिका मेबल अ‍ॅडिस यांनी १९६४ मध्ये शाळकरी मुलांसाठी रचलेल्या ‘द सुमेरियन गेम’मध्ये लगाश या प्राचीन नगरीच्या राजाने किती धान्य पेरावे, किती साठवावे आणि किती प्रजेच्या मुखी घालावे, याचा निवाडा विद्यार्थ्याला करावा लागे. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी डॉन डॅगलो यांनी ‘युटोपिया’ या खेळात दोन खेळाडूंना एकेक बेट देऊन पिके, मासेमारी, घरे, शाळा, वादळे आणि बंडखोर या सर्वांची चिंता त्यांच्या माथी मारली. बेट आणि राज्य यांचा संगणकीय संयोग तेथूनच सुरू झाला असे म्हणण्यास हरकत नाही. जिम गॅस्पेरिनी यांच्या १९८८ सालच्या ‘हिडन अजेंडा’ने चिमेरिका या कल्पित मध्य अमेरिकी देशातील क्रांत्युत्तर अध्यक्षाची कोंडी गंभीरपणे मांडली, तर पुढच्याच वर्षी विल राइट यांच्या ‘सिमसिटी’ने नगररचनेला खेळाचे रूप दिले. अध्यक्षाने परकीय मदतीच्या पैशातून स्वित्झर्लंडमधील आपले खासगी खाते भरत राहावे, ही कल्पना तर ‘हुंता’ या पटावरील खेळात १९७८ पासूनच प्रचलित होती. ट्रॉपिकोने हे सगळे धागे एकत्र केले. स्वतः स्टाइनमायर यांनी १९९८ मध्ये ‘रेलरोड टायकून २’ हा लोहमार्गांच्या व्यापाराचा खेळ केलेला असल्याने माल कोठून निघतो, कोठे थांबतो आणि त्या थांबण्याची किंमत काय पडते, याचे त्यांना पक्के भान होते, आणि ते नव्या खेळातही पावलोपावली जाणवते.

खेळातील काळ आणि प्रदेश मनचे नाहीत. कथेचा आरंभ १९५० साली होतो, आणि त्या दशकातील कॅरिबियन व मध्य अमेरिकेचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला बेटावरची प्रत्येक अडचण ओळखीची वाटते. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीने केळीच्या मळ्यांबरोबर लोहमार्ग आणि बंदरे हाताशी धरून तेथील कित्येक सरकारांना जवळजवळ आपल्या पदरी बाळगले होते. होंडुरासमध्ये राहून आलेल्या ओ. हेन्री या कथालेखकाने १९०४ मध्ये अशा देशांना उद्देशून वापरलेला ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्दप्रयोग पुढे जगभर रूढ झाला. डोमिनिकन प्रजासत्ताकात राफाएल त्रुहीयो यांनी १९३० ते १९६१ अशी एकतीस वर्षे निरंकुश सत्ता गाजवली व राजधानीलाही आपले नाव दिले. ग्वातेमालात १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वये कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वाटू लागलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांना अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या साहाय्याने १९५४ मध्ये पदच्युत करण्यात आले. क्यूबात बातिस्ता यांनी १९५२ मध्ये लष्करी उठावाने बळकावलेली सत्ता १ जानेवारी १९५९ रोजी कास्त्रो यांच्या क्रांतीने उलथली. जमीन कसणाऱ्याची की कंपनीची, निवडणूक घ्यावी की टाळावी, वॉशिंग्टनचे ऐकावे की मॉस्कोचे, हे जे प्रश्न त्या देशांत रक्त सांडून सोडवले गेले, तेच येथे खेळाडूच्या पुढ्यात येतात.

प्रारंभी बेटावर अध्यक्षाचा प्रासाद, एक गोदी, मक्याची काही शेते आणि मूठभर मजूर एवढाच संसार असतो. बाकी सर्वत्र अरण्य. अध्यक्ष कोण होता, सत्तेवर कसा आला (लोकांनी निवडून दिला म्हणून, लष्करी उठावाने, की एखाद्या परकीय गुप्तहेर खात्याने बसवला म्हणून), त्याचे गुण कोणते आणि दारूचे व्यसन वा भित्रेपणा यांसारखे दोष कोणते, हे खेळाडू आधीच ठरवतो व त्याचे बरेवाईट परिणाम अखेरपर्यंत भोगतो. मका लोकांचे पोट भरतो परंतु खजिना भरत नाही. ऊस, तंबाखू, कॉफी ही पिके जहाजावर चढली की पैसा येतो, पण त्यांनी कोणाचे पोट भरत नाही. कच्चा तंबाखू विकण्यापेक्षा सिगार आणि उसापेक्षा रम विकणे कितीतरी अधिक किफायतशीर. पण कारखान्याला शिकलेला कामगार लागतो, शाळेला शिकलेला शिक्षक लागतो, आणि तो परदेशातून आणावयाचा तर रोख रक्कम मोजावी लागते, जी कारखान्यावाचून हाती येत नाही. मळ्यांवर जगणाऱ्या देशांचे दारिद्र्य पिढ्यान्‌पिढ्या का हटत नाही, याचे इतके नेमके आणि हाताने चाचपून पाहता येण्याजोगे विवरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडते.

तथापि या खेळाचे खरे श्रेष्ठत्व त्याच्या अर्थव्यवस्थेत नसून त्याच्या प्रजेत आहे. ‘सिमसिटी’तील लोकसंख्या हा केवळ आकडा होता, येथे प्रत्येक नागरिकाला नाव, वय, कुटुंब, शिक्षण, व्यवसाय आणि राजकीय मत आहे, आणि खेळाडूने त्याच्यावर बोट ठेवताच अन्न, निवारा, आरोग्य, करमणूक, धर्म, स्वातंत्र्य, सुरक्षितता व काम या प्रत्येक बाबतीत तो किती समाधानी आहे याचे संपूर्ण दप्तर उलगडते. हा मनुष्य सकाळी घरातून निघून मळ्यापर्यंत चालत जातो, भूक लागली की बाजाराकडे वळतो, आजारी पडला की दवाखाना शोधतो, रविवारची ओढ त्याला चर्चकडे नेते. आणि ही ठिकाणे दूरदूर असतील तर त्याचा दिवस चालण्यातच सरतो, पीक शेतात उभे राहते व गोदीत आलेले जहाज अर्धे रिकामे परत जाते. त्याला भाडे परवडेल असे घर मिळाले नाही तर तो स्वतःच एखादी झोपडी उभारतो, आणि अध्यक्षाने कागदावर आखलेल्या सुंदर नगराच्या मधोमध ती झोपडी सरकारी अंदाजपत्रकाच्या त्रुटीचा पुरावा म्हणून उभी राहते. राज्य म्हणजे नकाशा नव्हे, ते या चालणाऱ्या माणसांच्या दिवसांनी बनलेले असते, ही गोष्ट या खेळाने अशी दाखवली की ती बुद्धीला पटण्यापूर्वी डोळ्यांना दिसते.

हीच माणसे भांडवलवादी, साम्यवादी, बुद्धिवादी, धार्मिक, लष्करवादी आणि पर्यावरणवादी अशा गटांत विभागलेली असून प्रत्येक गटाची मागणी निराळी असते. एकाला प्रसन्न करावे तो दुसरा रुष्ट होतो. अध्यक्षाच्या हाती फर्मानांचा मोठा साठा असतो : साक्षरतेची मोहीम, करकपात, मोफत धान्य, दारूबंदी, लष्करी कायदा, एखाद्या पुढाऱ्याला लाच, अटक किंवा थेट हत्या. परंतु एका माणसाचा काटा काढला की त्याचे कुटुंबीय ते विसरत नाहीत. असंतोष पुरेसा साचला की काहीजण घरदार सोडून अरण्यात जातात व बंडखोर म्हणून परततात, आणि ज्या फौजेच्या जोरावर त्यांचा बंदोबस्त करावयाचा तिचाच पगार तुटपुंजा ठेवला असेल तर तीही प्रासादाकडे बंदुका वळवते. निवडणुकीची मागणी झाली की ती मान्य करता येते, धुडकावता येते, मान्य करून मतमोजणीत लबाडीही करता येते. पण लबाडी उघडकीस आली की लोकांच्या मनातील स्वातंत्र्याची मोजणी खाली घसरते. दोन्ही महासत्ता सालोसाल मदत धाडतात आणि त्या मदतीबरोबर आपली नजरही धाडतात. संबंध विकोपास गेल्यास बाहेरून आक्रमण होऊन राज्य संपुष्टात येते. सार्वजनिक खर्चातून अंश काढून खासगी खात्यात जमा करण्याची मुभाही आहे, आणि तो पैसा जितका वाढावा तितकी शाळा व दवाखाना यांची निकड अधिक बोचू लागते. डॅनियल इंडार्ट यांनी सिद्ध केलेले लॅटिन अमेरिकी वळणाचे संगीत या सर्व व्यवहारावर अखंड वाजत राहते व तेही या खेळाच्या कीर्तीचे एक प्रमुख कारण ठरले.

पहिल्या खेळाला २००२ मध्ये ‘पॅराडाइज आयलंड’ ही पुरवणी जोडण्यात आली. फ्रॉग सिटी सॉफ्टवेअरने केलेला दुसरा भाग ‘पायरेट कोव्ह’ (२००३) मूळ विषय सोडून समुद्री चाच्यांच्या काळात गेला. पॉपटॉप ही संस्था २००६ मध्ये फिरॅक्सिस या खेळ रचणाऱ्या दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, आणि मालिकेचे हक्क जर्मनीतील कॅलिप्सो मीडिया या प्रकाशनसंस्थेकडे गेल्यावर बल्गेरियातील सोफिया येथील हेमिमाँट गेम्सने तिसरा (२००९), चौथा (२०११) व पाचवा (२०१४) असे तीन भाग रचले. तिसऱ्याने मूळ खेळाला नवे दृश्यरूप देऊन त्यात मोटारी व रस्ते आणले, आणि कोंडलेली वाहतूक ही अध्यक्षाची एक नवीच डोकेदुखी झाली. चौथ्याने मंत्रिमंडळ आणि ज्वालामुखी, त्सुनामी यांसारखी अरिष्टे दिली. पाचव्याने वसाहतकाळ, महायुद्धे, शीतयुद्ध व आधुनिक काळ अशी चार युगे, राज्यघटना आणि अध्यक्षाचे घराणे यांची भर घातली. जर्मनीतील लिंबिक एंटरटेन्मेंटने केलेल्या सहाव्या भागात (२०१९) एका बेटाऐवजी पुलांनी जोडता येणारा द्वीपसमूह आहे, आणि परदेशांतील जगप्रसिद्ध वास्तू पळवून आणण्याची मोहीमही आहे. ही वाढ वैभवाची असली तरी पहिल्या खेळातील टंचाईची धार तिच्यात उत्तरोत्तर बोथट होत गेली. खजिना लवकर भरू लागला, आणि भरलेल्या खजिन्याच्या धन्याला प्रजेचे चेहरे न्याहाळण्याचे कारण उरत नाही.

मालिकेचा सर्वांत विलक्षण प्रसंग मात्र खेळाबाहेर घडला. थायलंडमध्ये २२ मे २०१४ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली आणि नेमक्या त्याच सुमारास पाचवा भाग बाजारात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तेथील सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतील परिनिरीक्षण विभागाने देशाच्या शांतता व सुव्यवस्थेला बाधा येण्याचा संभव दाखवून त्याच्या विक्रीस मनाई केली. खेळातील अध्यक्ष किती सहजपणे निवडणुका पुढे ढकलतो, हे पाहणाऱ्यास त्या मनाईचे कारण निराळे शोधावे लागत नाही.

या मालिकेच्या उणिवा गंभीर आहेत व त्या विनोदाच्या आडोशाने झाकून टाकणे योग्य नव्हे. पहिल्या खेळात कास्त्रो, चे गेव्हारा व एव्हिता पेरॉन यांच्याबरोबर चिलीचे पिनोशे आणि हैतीचे ‘पापा डॉक’ दुव्हालिए यांची रूपेही खेळाडूला धारण करता येतात. ज्यांच्या तुरुंगांतून हजारो माणसे परत आली नाहीत, त्यांचे क्रौर्य येथे एक रंगेल लहरीपणा म्हणून समोर येते. त्याहून मोठा दोष बेटाच्या आरंभीच्या रिकामेपणात आहे. कॅरिबियनमधील एकही मोठे बेट निर्मनुष्य सापडले नव्हते. १४९२ नंतरच्या काही दशकांत तेथील ताइनो लोकांचा जवळजवळ उच्छेद झाला, त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले, आणि त्याच गुलामांनी १७९१ मध्ये उठाव करून १८०४ साली हैतीचे स्वतंत्र राष्ट्र निर्माण केले. या इतिहासाचा मागमूस खेळात नाही. पाचव्या भागात वसाहतकाळ आहे, राजसत्तेचा सुभेदार म्हणून खेळाडू तेथे नांदतोही. पण मळ्यात राबणारा माणूस तेथेही वेतन घेऊन राबतो. दुसऱ्या भागात तर बंदिवानांची वेठबिगार हेच राज्याचे भांडवल असून तिला चाचेगिरीच्या गमतीचा मुलामा दिलेला आहे.

प्रत्येक प्रजाजनाला नाव देण्याइतकी आस्था ज्या कर्त्यांनी दाखवली त्यांनी त्या प्रजेच्या पूर्वजांना वगळावे, याचे दुःख होते. आणि तरीही राज्यकर्त्याच्या निर्णयाखाली एखाद्या सामान्य माणसाचा दिवस कसा घडतो वा मोडतो हे दाखवण्यात २००१ च्या खेळाची बरोबरी या मालिकेतील पुढच्या कोणत्याही भागाला साधलेली नाही. जिज्ञासूने आरंभ त्याच खेळापासून करावा, आणि ग्वातेमाला व हैती यांचा विसाव्या शतकातील इतिहास हाताशी ठेवून तो खेळावा.