‘इंटरनेट विजिट्स’ ही कंपनी कुठे आहे?

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाका, त्यात ओपनएसएसएल बसवा आणि नवं सर्टिफिकेट मागायची कमांड द्या. काळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न येऊ लागतात. देश कोणता? राज्य कोणतं? गाव? संस्था? बऱ्याच प्रश्नांपुढे चौकटी कंसात एक तयार उत्तर असतं आणि काहीच न लिहिता एंटर दाबलं की तेच लागू होतं. देशाचं तयार उत्तर ‘एयू’, म्हणजे ऑस्ट्रेलिया. राज्याचं ‘सम-स्टेट’, म्हणजे असंच कुठलंतरी राज्य. आणि संस्थेचं ‘इंटरनेट विजिट्स पीटीवाय लिमिटेड’.

ही कंपनी नमुन्यापुरती आहे. ‘विजिट’ म्हणजे भेट नव्हे. इंग्रजीत कुठल्याही काल्पनिक मालाला ‘विजेट’ म्हणतात, त्याचं हे बिघडलेलं स्पेलिंग. ‘पीटीवाय लिमिटेड’ हे आपल्या ‘प्रा. लि.’चं ऑस्ट्रेलियन भावंड. पण जगभरातल्या कंटाळलेल्या इंजिनिअरांनी नुसतं एंटर-एंटर करत सर्टिफिकेटं बनवल्यामुळे कुठल्यातरी राउटरच्या, चाचणी सर्व्हरच्या पोटात हे नाव अजूनही सापडतं. मुळात ते ऑस्ट्रेलियन का, याचं उत्तर शोधायला गेलं की अमेरिकेच्या शस्त्रास्त्र कायद्यापर्यंत जावं लागतं.

त्याआधी सर्टिफिकेट म्हणजे काय ते सांगतो. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी अशी कल्पना मांडली की प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असाव्यात: एक जगजाहीर, एक खासगी. जगजाहीर किल्लीने बंद केलेलं फक्त खासगी किल्लीने उघडेल. छान. पण ही जगजाहीर किल्ली खरंच बँकेचीच आहे, वाटेत बसलेल्या भामट्याची नाही, हे कळणार कसं? त्यांच्या डोक्यात टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक सार्वजनिक यादी होती. १९७८ मध्ये एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात म्हटलं, की दर वेळी यादीकडे धावायला नको. एका विश्वासू माणसाने ‘ही किल्ली अमक्याची’ असं लिहून खाली सही करावी आणि तो कागद किल्लीच्या मालकाने स्वतःच बाळगावा. या कागदाला त्याने सर्टिफिकेट म्हटलं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मार्कशीटच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घ्यायला आपल्या आधीच्या पिढीने किती खेटे घातलेत ते घरी विचारा. झेरॉक्स तीच, शिक्क्याने ती ‘खरी’ होते. आणि आज टर्मिनलमध्ये एका ओळीत जे ‘सेल्फ-साइन्ड’ सर्टिफिकेट बनतं, ते म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेला चारित्र्याचा दाखला. गणिताच्या दृष्टीने त्यात काहीही खोट नसते. ब्राउझर तरी लाल होतो, कारण सही करणारा त्याच्या ओळखीचा नसतो.

देश-राज्य-गाव-संस्था ही प्रश्नावली आली ती १९८८च्या एक्स.५०९ या मानकातून. ते मानक जगभरच्या टेलिफोन खात्यांनी एका प्रचंड जागतिक डिरेक्टरीसाठी आखलं होतं. ती डिरेक्टरी कधी उभी राहिलीच नाही. तिचा फॉर्म मात्र आपण अजून भरतोय.

१९९५ उजाडलं तेव्हा वेबवर दुकानं उघडायची घाई सुरू झाली होती. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने एसएसएल नावाची पद्धत आणली: दुकानाचा सर्व्हर आधी सर्टिफिकेट दाखवेल, मग दोघांतलं बोलणं कुलूपबंद होईल. अडचण अशी, की अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने मजबूत कूटलेखन हा युद्धसामग्रीचा प्रकार होता. रणगाड्यांच्या यादीत सॉफ्टवेअर! म्हणून देशाबाहेर द्यायच्या ब्राउझरमध्ये ४० बिटांचं लंगडं कुलूप असायचं. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधल्या दामियाँ दोलिजेझ याने संस्थेतली मोकळी पडलेली संगणकं जुंपून त्या कुलपाने बंद केलेला एक संदेश आठ दिवसांत उघडून दाखवला.

ऑस्ट्रेलियात ही कटकट आधीच अनुभवून झाली होती. एमआयटीने ‘केर्बरॉस’ ही लॉगिनची प्रणाली बनवली होती. तीन डोक्यांच्या कुत्र्याचं नाव. कायद्यामुळे ती बाहेर पाठवताना तिच्यातलं कूटलेखन सोलून काढलं आणि उरलेल्या सांगाड्याला नाव दिलं ‘बोन्स’, हाडं. क्वीन्सलँडमधल्या बाँड विद्यापीठात एरिक यंग या प्रोग्रॅमरने त्या हाडांवर पुन्हा मांस चढवलं. कूटलेखनाचा भाग त्याने स्वतः लिहिला. अमेरिकेच्या हद्दीबाहेर लिहिलेल्या ओळींना अमेरिकेचा निर्यात कायदा लागू होत नाही, इतकी साधी गोष्ट. १९९५ मध्ये त्याने आणि टिम हडसनने नेटस्केपचं तपशीलपत्रक समोर ठेवून एसएसएलचीही स्वतःची आवृत्ती लिहिली आणि फुकट वाटली. नाव एसएसएलईएवाय, शेवटची तीन अक्षरं म्हणजे एरिक ए. यंगची आद्याक्षरं. चौकटी कंसातला ‘एयू’ आणि ती ‘पीटीवाय लिमिटेड’ तिथली. १९९८ मध्ये दोघेही आरएसए या कंपनीत गेले, मागे राहिलेला कोड काही स्वयंसेवकांनी उचलला आणि त्याच डिसेंबरात त्याचं ओपनएसएसएल झालं.

कुलूप फुकट झालं, शिक्का मात्र विकतच राहिला. आणि त्यात पैसा किती असावा? दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ आईवडिलांच्या गॅरेजमधून मार्क शटलवर्थ नावाच्या तरुणाने १९९५ साली ‘थॉट’ ही शिक्के देणारी कंपनी काढली. १९९९च्या डिसेंबरात व्हेरिसाइनने ती ५७.५ कोटी डॉलरना घेतली. त्यानंतर शटलवर्थ पदरच्या पैशांनी अंतराळात जाऊन आला आणि मग त्याने उबुंटू सुरू केलं. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू असेल तर त्यामागचा सुरुवातीचा पैसा सर्टिफिकेटांच्या धंद्यातला आहे.

ओपनएसएसएलची खासगी किल्ली बनते यादृच्छिक, म्हणजे कुणाला अंदाज बांधता येणार नाही अशा आकड्यांतून. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका स्वयंसेवकाने तपासणीच्या साधनाने दाखवलेली एक सूचना गप्प करण्यासाठी कोडमधल्या दोन ओळी काढून टाकल्या. त्यातली एक ओळच नेमकी सगळी अनिश्चितता आत ओतत होती. उरला फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, जो ३२,७६८ च्या वर जात नसे. म्हणजे एका जातीच्या, एका लांबीच्या किल्ल्या जगात फार तर तेवढ्याच. घरच्या संगणकावर त्या सगळ्या बनवून ठेवता येतात. १३ मे २००८ला हे जाहीर झालं, तोवर जवळपास दोन वर्षं डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी मुकाट्याने ती कमांड चालवली होती. पडद्यावर टिंबं सरकायची, फाइल तयार व्हायची, सगळं नेहमीसारखंच दिसायचं.

पण किल्ली पक्की असूनही घात होऊ शकतो. खाली सही करणाराच फुटला तर?

नेदरलँड्समधल्या बेव्हरवाइक गावात डिजिनोटार नावाची कंपनी होती. नावातच नोटरी. डच सरकारच्या कित्येक संकेतस्थळांना तिचा शिक्का असे. २०११च्या उन्हाळ्यात कुणीतरी तिच्या सर्व्हरांत शिरलं आणि तिच्याच सहीने ५३१ खोटी सर्टिफिकेटं काढली. त्यातलं १० जुलैचं एक गूगलच्या सगळ्या पत्त्यांना चालणारं होतं. १९ जुलैला कंपनीला घुसखोरी कळली. तिने काही सर्टिफिकेटं रद्द केली आणि बाहेर चकार शब्द काढला नाही.

ते खोटं सर्टिफिकेट इराणमध्ये वापरलं जात होतं. तिथला माणूस जीमेल उघडायचा, वर सगळं सुरक्षित दिसायचं, आणि मधे बसलेला कुणीतरी त्याची पत्रं वाचत असायचा. २००९च्या निवडणुकीनंतरच्या आंदोलनाला दोनच वर्षं झाली होती. कोणाची पत्रं वाचली जाणं म्हणजे काय, हे त्या देशात कुणाला समजावून सांगायला नको होतं. ऑगस्टच्या अखेरीस एका इराणी वापरकर्त्याने गूगलच्या मदत-मंचावर विचारलं, की क्रोम असा इशारा का देतोय? क्रोमला स्वतःच्या घरच्या पत्त्यांसाठी कोणाचा शिक्का चालतो याची यादी आतच कोरून दिलेली होती, म्हणून तो ओरडला. बाकीच्या ब्राउझरांनी निमूट मान डोलावली होती. पुढे फॉक्स-आयटी या कंपनीने चौकशी केली तेव्हा त्या एका सर्टिफिकेटची विचारणा करणारे सुमारे ३ लाख पत्ते सापडले, जवळजवळ सगळे इराणमधले. डिजिनोटारच्या सह्या करणाऱ्या यंत्रांना एकच नाव आणि एकच कमकुवत पासवर्ड पुरत होता. ३ सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर डच गृहमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेतली, सरकारचाच आता या शिक्क्यावर भरवसा उरला नसल्याचं सांगायला. २० सप्टेंबरला कंपनी दिवाळखोर घोषित झाली.

जुलै २०१४ मध्ये हीच पाळी दिल्लीवर आली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार आपल्याकडे सगळ्या शिक्क्यांच्या टोकाला सीसीए, म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, हे सरकारी कार्यालय आहे. महाभूमीवरून उतरवलेल्या सातबाऱ्यावर जी डिजिटल सही असते, तिची साखळी तिथेच जाऊन थांबते. सीसीएच्या हाताखाली एनआयसी सर्टिफिकेटं देत असे. २ जुलैला गूगलला आपल्या पत्त्यांची, आपण कधीच न मागितलेली सर्टिफिकेटं दिसली, एनआयसीच्या सहीची. दुसऱ्या दिवशी सीसीएने एनआयसीचे अधिकार काढून घेतले. चौकशीअंती सांगितलं गेलं, की एनआयसीच्या यंत्रणेत शिरकाव झाला होता आणि चुकीची सर्टिफिकेटं चारच: तीन गूगलची, एक याहूचं. गूगलने उत्तर दिलं, की या चारांत नसलेलीही आम्ही पाहिली आहेत. मग क्रोमने सीसीएची सही मोजक्या सात भारतीय पत्त्यांपुरतीच मान्य करायचं ठरवलं. अँड्रॉइडवर आणि फायरफॉक्समध्ये हा धोका नव्हताच, कारण त्यांच्या यादीत सीसीए कधी नव्हतं. विंडोजच्या यादीत होतं. मला या प्रकरणात चोरीपेक्षा हे जास्त लागतं. एका सार्वभौम सरकारची सही कुठे चालेल, हे एका ब्राउझर कंपनीने आठवड्याभरात ठरवलं. आणि तिने ठरवलं ते बरोबर होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हार्टब्लीड निघालं होतं: ओपनएसएसएलमधली चूक, जिच्यातून सर्व्हरच्या स्मरणातले तुकडे, प्रसंगी खासगी किल्लीसुद्धा, बाहेर गळत. जगातले बँकांचे व्यवहार ज्या कोडवर चालत होते त्याच्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळत होती सुमारे २००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. यावर अजून काही लिहायची गरज वाटत नाही.

शिक्का फुकट व्हायला २०१५ उजाडावं लागलं. मोझिला, ईएफएफ आणि मिशिगन विद्यापीठातल्या काही जणांनी मिळून ‘लेट्स एनक्रिप्ट’ उभं केलं. त्यांतला पीटर एकर्सली पुन्हा ऑस्ट्रेलियनच, २०२२ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. इथे देश-राज्य-संस्था काही विचारत नाहीत. ‘हा पत्ता तुझा आहे ना? मग त्यावर ही छोटी फाइल ठेवून दाखव,’ एवढंच. फाइल दिसली की सर्टिफिकेट. सगळं यंत्रांचं आपसात. माणूस एकदा कमांड देतो आणि विसरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचं १०० कोटीवं सर्टिफिकेट निघालं. जून २०१७ मध्ये फायरफॉक्सवर उघडणाऱ्या पानांपैकी ५८ टक्के कुलूपबंद होती, ती तोवर ८१ टक्के झाली होती.

भामट्यांनाही कुलूप फुकटच मिळतं, हे ओघाने आलंच. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी ऐकत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे असं ते कधीच म्हणत नव्हतं. लोक मात्र तसंच समजत. म्हणून २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याच्या पट्टीतून कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

पूर्वी सर्टिफिकेट पाच-पाच वर्षं चालायचं आणि संपायचं ते बरोबर दिवाळीच्या सुट्टीत. आता ब्राउझर कंपन्या आणि शिक्के देणाऱ्या संस्था यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठराव केला आहे: मुदत टप्प्याटप्प्याने घटवत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. टर्मिनलमध्ये बसून देश आणि राज्य भरत बसणाऱ्याला दर दीड महिन्याने हा फॉर्म भरणं जमणार नाही. त्याची पर्वा कोणाला नाही, कारण ते काम आता त्याचं नाहीच.