इंजिनाचा श्वास

परवा संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. अमरावतीला अभियांत्रिकी शिकतो. चार सोबती जमवून दोन आसनांची, बसकी, पळायला चपळ अशी मोटार अंगणात जुळवण्याचा त्याने घाट घातला आहे. चहाचा कप हाती येताच म्हणाला, "सर, इंजिनाला कार्बोरेटर ठेवू की इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवू? आमच्यात दोन तट पडले आहेत."

मी पडलो भाषेचा मास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. विज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकपुरती. पण भांडण जुने असले, की त्याला इतिहास असतो. आणि इतिहास म्हटला, की माझ्यासारख्याला राहवत नाही.

मुळात प्रश्न साधा आहे. पेट्रोल नुसते जळत नाही. त्याला हवेची जोड लागते. हिशेब असा, की १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. पणतीची वात फार वर काढली तर काजळी धरते, फार खाली नेली तर ज्योत विझते, तसेच हे. हे प्रमाण सांभाळायचे कोणी, एवढाच वाद.

१८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याची युक्ती मोठी सुरेख. हवा अरुंद गळ्यातून वेगाने ओढली गेली, की तेथला दाब उतरतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल आपसूक वर खेचले जाते. ना वीज, ना पंप! जेटमध्ये कचरा अडकला तर फुंकर मारावी. स्टोव्हला पिन मारणाऱ्या आपल्या आयांना हे शास्त्र समजावून सांगायला नको.

मात्र या भोळ्या यंत्राला हवा मोजता येत नाही. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका मे महिन्यात अकोल्याचे ऊन टाळावे म्हणून जुन्या मोटरसायकलवरून चिखलदऱ्याला निघालो. परतवाड्यापर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. घाट चढू लागलो तशी ती धापा टाकू लागली आणि मागे काळा धूर सोडू लागली. वर एका मिस्त्रीने नुसता कान देऊन आवाज ऐकला आणि हसत म्हणाला, "सर, गाडीले दम लागला. वर हवा इरळ झाली, अन् पेट्रोल तेवढंच जाऊन राह्यलं." त्याने एक स्क्रू जरासा फिरवला आणि गाडी सुरात आली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास आहे. तेथली हवा खालच्यापेक्षा सात-आठ टक्के पातळ. कार्बोरेटरला ते कळले नाही. मिस्त्रीच्या कानाला कळले.

आता शर्यतीच्या मोटारींकडे वळू. १९५२ साली फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत मर्सिडीझने जिंकली, ती कार्बोरेटरच्याच बळावर. त्याच घराण्याची ३०० एसएल ही मोटार १९५४ मध्ये लोकांपुढे आली तेव्हा तिच्यात पेट्रोल नेमके मापून सिलिंडरमध्ये सोडणारा यांत्रिक पंप होता. शक्ती वाढली, पण खोडही होती. इंजिन बंद केले तरी ते थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडतच राही आणि सिलिंडरचे वंगण धुऊन काढी. पुढे १९६७ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगनच्या मोटारीत आली. हवेचा दाब नि उष्णता पाहून पेट्रोलची झडप किती क्षण उघडायची, हे आता विजेची पेटी ठरवू लागली.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की नवे आले आणि जुने संपले. तसे झाले नाही, आणि त्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० ही मोटरसायकल इंजेक्शनसह बाजारात आणली. पोरे हरखली, पण किंमत चढी होती. २००९ मध्ये कंपनीने तिच्यात चक्क पुन्हा कार्बोरेटर बसवला! गाडी स्वस्त झाली आणि शक्ती २० वरून २१ अश्वशक्तीपर्यंत वाढली. तिचीच जाहिरात 'सर्वांत वेगवान भारतीय' म्हणून झाली. म्हणजे खिशाचा आणि वेगाचा कौल कार्बोरेटरला मिळाला.

मग तो हरला कोठे? हरला तो आपल्या सर्वांच्या श्वासापाशी. धुरातले विष मारणारे उत्प्रेरक यंत्र नीट चालायचे तर हवा-पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी अचूक हवे. त्यासाठी धुरातला प्राणवायू मोजून दर क्षणी पेट्रोल कमीजास्त करावे लागते, आणि ते साध्या कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्या पल्सरलाही पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागले. जी गोष्ट शर्यतीला ठरवता आली नाही, ती हवेने ठरवली.

याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. बंद पेटीपुढे आमच्या मिस्त्रीचा कान मुका झाला. दोष शोधायला आता यंत्र जोडावे लागते, आणि ते विकत घेण्याची ऐपत प्रत्येक टपरीवाल्याची नसते. आयुष्यभराची विद्या एका नियमाने जुनी होते, तेव्हा त्या माणसाला नवी विद्या शिकवण्याची जबाबदारी कोणाची?

मी त्या मुलाला म्हणालो, "बाबा, मोटारीला इंजेक्शनच बसव. अकोल्याचा उन्हाळा आणि चिखलदऱ्याचा घाट तिला दोन्ही कळतील, आणि मागून येणाऱ्याच्या नाकातोंडात धूर जाणार नाही. पण त्याआधी महिनाभर एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली कार्बोरेटर खोल आणि जोड. इंजिन ऐकायला शीक. आणि जमले तर त्या बदल्यात तुझी ती पेटी त्याला उघडून दाखव."

पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तो चिखलदऱ्याचा मिस्त्री अजून आहे का हो?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे त्याचा शोध घ्यायला जाणार आहोत.